पहिला घोट

माझ्या पातेल्यात अन्न उरायला लागलं, त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. मी तोंडाची फटकळ आहे हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कोणाला वाईट वाटायला नको.

शाळेच्या स्वयंपाकघरात मला अकरा वर्षं झाली होती. शंभराला दोन कमी एवढी पोरं, आणि सगळी मला मावशी म्हणतात. त्यांचे आईबापही मावशीच म्हणतात. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, माझ्याहून सहा वर्षांनी थोरल्या, पण त्यांच्याही तोंडी मावशीच. अकरा वर्षांत माझ्या डाळीत खडा निघाला नाही की भाताला वास आला नाही. सगळ्यांना वाढून झालं की पातेल्याच्या तळाला चिकटलेलं उलथन्यानं खरवडायचं आणि तेच आपण खायचं, हा माझा नेम. त्याशिवाय काही उरतच नसे.

त्या उन्हाळ्यात उरायला लागलं. आधी ओंजळभर, मग वाडगाभर, आणि उन्हं तापली तसं पाव पातेलं. गवळी दुपारी बादली घेऊन यायला लागला.

"मावशी, आमच्या गायीला तुमच्या हाताची फार गोडी लागलीय," तो म्हणायचा. त्याला वाटायचं, आपण कौतुक करतोय. मी मुकाट्यानं बादली भरून द्यायची आणि तो वळला की पदरानं डोळे पुसायची. पोरांसाठी रांधलेलं गायीच्या पुढ्यात जावं, याचं मला फार लागायचं.

पोरांना भूक नव्हती असं नाही. भूक लागायची, चार घास खायची आणि ताट बाजूला सारायची. बरगड्या जिथे जुळतात तिथे, बरोबर मध्यावर बोट ठेवायची. "इथे जळतं, मावशी." ढेकरा तर अशा द्यायची, जशी काही लग्नाची जेवणं जेवून आलीत. शिंप्याचा मुलगा सातवीत होता, ताडासारखा वाढलेला म्हणून सगळे त्याला लांब्या म्हणत. तो बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसायचा, तेव्हा एवढासा दिसायचा.

आणि त्यात माझी धाकटी लेक. चौथीत होती. दोन्ही दंड काड्यांसारखे झालेले, डोळ्यांखाली काळं. सकाळी उठायची तीच पोट धरून.

"कसं दुखतं गं?" मी विचारलं.

"पोटात कोणीतरी आगपेटीची काडी ओढतंय. पेटते, विझते, परत ओढतंय."

मी ओवा दिला, पोट चोळलं, चिडून एकदा पाठीत धपाटाही घातला, की नाटकं करतेस. तो धपाटा मला अजून आठवतो.

आता शाळेच्या पाण्याबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच आहे. आमच्याकडे पाणी चार दिवसांनी येतं. घरोघरी पिंप असतं, आणि पिंपाला भोक पाडायचं नाही असा जणू कायदाच आहे. तोटी बसवायची तर भोक पाडावं लागणार, भोक पाडलं की कधी ना कधी गळणार, आणि पिंप गळलं तर चार दिवस प्यायचं काय? म्हणून पिंप अखंड ठेवतात. वर झाकण आणि आत रबरी नळी. नळीचं टोक तोंडात धरून जोरात ओढायचं, पाणी वर चढलं की टोक खाली करायचं. पाणी धो धो येतं. बंद करायचं तर टोक वर उचलायचं.

शाळेत आधी नळी नव्हती. पोरं हात बुडवून लोटे भरायची, मातीचे, नाक पुसलेले हात. ते मला बघवेना. दोन वर्षांपूर्वी मीच मोठ्या बाईंच्या मागे लागले. आमचे हे नळजोडणीची आणि पंप दुरुस्तीची कामं करतात, त्यांच्याकडून झाकणाला बरोबर नळीएवढं भोक पाडून घेतलं. कोणाचा हात म्हणून आत जायला नको. तपासणीला आलेल्या साहेबांनी पिंपाचा फोटो काढला आणि मला 'स्वच्छ स्वयंपाकघर' असं लिहिलेली पाटी दिली. ती मी चुलीसमोरच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगली. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, खोटं कशाला बोलू.

पोरांनी त्या नळीचा खेळच केला होता. जो ओढेल त्याला पहिला घोट. एका दमात पाणी काढणारा शहाणा, दोनदा ओढणारा कच्चा. धाकटी एका दमात काढायची. तिच्याखालोखाल लांब्या. पाणी वाया जायला नको म्हणून चार लोटे भरले की टोक वर उचलायचं, आणि पुढच्या चारजणांसाठी पुन्हा कोणीतरी ओढायचं. बालवर्गातल्या चिमुरड्यांना ओढायला जमत नसे. त्यांच्यासाठी मी सकाळीच पाणी उकळून, गार करून कळशीत ठेवायची.

एके दिवशी पाणी चढवून डाळ टाकतेय, तर दारात शिंपीण उभी. लांब्याची आई. गळ्यात माप घ्यायची फीत तशीच.

"मावशी, ही डाळ किती दिवसांची?"

"दुकानातून आली तेव्हाची. वय विचारलं नाही मी तिचं."

"तोंड चालवू नका." तिनं माझ्या पातेल्याचं झाकण उचललं आणि आत वाकून वास घेतला. अकरा वर्षांत माझ्या पातेल्याचा वास घ्यायची कोणाची छाती झाली नव्हती. "माझं लेकरू वाळून चाललंय. काय घालता त्यांच्या पोटात?"

"तेच, जे माझ्या लेकीच्या पोटात घालते."

"मग तिचंही पोट दुखतंच आहे की."

मी तिच्या हातातलं झाकण ओढून घेतलं आणि पातेल्यावर आपटलं. 

दुसऱ्या दिवशी पालक जमले. शाळेच्या व्हरांड्यात पंचवीस-तीस जण, आणि मी खांबाला टेकून. जो तो आपापल्या पोराच्या पोटाचं सांगत होता. मी एवढंच म्हणाले, "बालवर्गाची पोरं माझंच जेवतात. त्यांच्यातल्या एकाचं तरी पोट दुखतं का, विचारा."

"लहान पोरांना सांगता येत नाही," मागून कोणीतरी म्हणालं, आणि विषय संपला.

मोठ्या बाई वाईट नाहीत, पण माणसं जमली की त्यांची पाचावर धारण बसते. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मावशी, थोडे दिवस घरी बसा. चौकशी होऊ दे. तोवर पोरं घरून डबे आणतील." आणि हात पुढे केला.

स्वयंपाकघराची किल्ली माझ्या कमरेला लाल दोऱ्यानं बांधलेली असायची. गाठ इतकी जुनी की सुटेना. सगळ्यांसमोर मी नखांनी ती गाठ सोडवत बसले. शेवटी शिंपिणीनंच कात्री काढून दिली. मी दोरा कापला, किल्ली दिली, आणि घरी गेले. मला दुसरं काही नको होतं. ती किल्ली परत हवी होती, आणि माझी धाकटी बरी व्हायला हवी होती.

घरी हे म्हणाले, "उद्यापासून चल माझ्याबरोबर. घरात बसलीस तर भांडी फोडशील."

गेले. वीटभट्टीवरचा पंप बंद पडला होता. दहा दहा फुटांचे पाइप जमिनीतून वर ओढायचे, पान्यानं धरून ठेवायचे, ह्यांनी सांधा खोलायचा. पाना सुटला तर सगळा पाइप खाली जाणार, म्हणून मी दोन्ही पाय रोवून, दात आवळून धरायची. पहिल्याच दिवशी तळहातांना फोड आले, दुसऱ्या दिवशी फुटले. गंजाचं लाल पाणी कोपरापर्यंत. भट्टीची धग एका अंगाला आणि उन्हाची दुसऱ्या अंगाला.

भट्टीचा मुकादम सावलीतून म्हणाला, "नळवाले, बाईंना मदतीला आणलंय की स्वयंपाकाला? स्वयंपाकाला असेल तर आधीच सांगा, आम्ही आपले डबे झाकून ठेवतो."

चार माणसं हसली. ह्यांनी पाना खाली ठेवला, तसं मी ह्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. "तुमच्या डब्याला झाकण कशाला हवं, मुकादम," मी म्हणाले, "त्यात हात घालायला माशीसुद्धा विचार करत असेल." मग तीच चार माणसं दुप्पट हसली. पण मला काही बरं वाटलं नाही.

शाळेत आठ दिवस डब्यांचे गेले आणि पोटं दुखायची थांबली नाहीत. नवव्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेला लांब्या रांगेतच वाकला आणि ओकला. चहाच्या चोथ्यासारखं काळं. गावच्या नर्सबाई धावत आल्या. त्यांनी लांब्याला बघितलं, मग धाकटीच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, ती कागदासारखी पांढरी. दोघांनाही गाडीत घालून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. गाडीत मागच्या बाकावर शिंपीण आणि मी, मांडीला मांडी लावून. तिच्या मांडीवर लांब्याचं डोकं, माझ्या मांडीवर धाकटीचं. तीन तासांचा रस्ता. एकदा गाडीला हिसका बसला तेव्हा तिनं हात पुढे करून धाकटीचं डोकं सावरलं.

दवाखान्यात दोघांच्या घशातून दिव्याची नळी घालून पोटाच्या आत बघितलं. डॉक्टरीणबाई अगदी तरुण होत्या, पण बोलायला सरळ.

"जठराच्या आतल्या अंगाला फोड आलेत. तुमच्या मुलाचा फुटला होता, वेळेवर आणलंत. मुलीला आतल्या आत थोडं थोडं रक्त जात असणार, म्हणून ती अशी पांढरी पडलीय. हे तिखटानं किंवा शिळ्यानं झालेलं नाही. एक जंतू असतो. पोटातल्या आंबट रसातही मरत नाही, तिथेच घर करून बसतो. महिनोन् महिने, वर्षानुवर्षं. औषधानं जातो, पण औषध पुरतं घ्यावं लागतं."

"म्हणजे मावशींच्या अन्नाचं नाही?" शिंपिणीनं विचारलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"तसं सांगता येत नाही. अन्नातून जाऊ शकतो, पाण्यातून जाऊ शकतो. एका तोंडातून दुसऱ्या तोंडातही जातो. शाळेत मुलं एकमेकांचं उष्टं पितात का?"

मी ताठ बसले. "छे. आमच्याकडे पिंपात कोणाचा हातसुद्धा जात नाही. नळी आहे."

"नळ आहे, छान," त्या म्हणाल्या आणि कागदावर लिहून मोकळ्या झाल्या. शहरातल्या बाई. नळी म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं, आणि मला माहीत असून कळलं नव्हतं.

मग नर्सबाईंनी शाळेत डब्या वाटल्या. ज्याचं पोट दुखतं त्यानं सकाळच्या शौचाचा नमुना त्यात आणायचा. बालवर्गातल्याही दहाजणांना दिल्या, ते माझ्या बडबडीमुळे. नर्सबाई म्हणाल्या, ही बाई एवढं ओरडतेय तर बघू तरी. डब्यांचा जो गोंधळ झाला तो सांगत नाही. एकानं डबीत चिखल आणला. एकानं भावाच्या आणि आपल्या डबीची अदलाबदल केली. शेवटी सगळ्या डब्या शहरात गेल्या आणि आम्ही वाट बघत राहिलो.

त्या वाट बघण्याच्या दिवसांतच ती दुपार आली. आम्ही भट्टीवरच्या मोठ्या पिंपातलं पाणी काढत होतो. ह्यांची दाढ दुखत होती म्हणून सकाळपासून लवंग तोंडात धरून होते. त्यांनी नळी ओढली, पाणी आलं, दोन बादल्या भरल्या, टोक वर उचललं. मग गाल धरून म्हणाले, "आता तू ओढ. माझ्या दाढेत कळ गेली."

मी नळी तोंडात धरली आणि ओढली.

पाण्याच्या आधी लवंग आली. तिखट, जिभेला चरचरणारी. ह्यांच्या तोंडातली लवंग माझ्या तोंडात.

मी नळी सोडून दिली. पाणी मागे सरकून पिंपात परत गेल्याचा गुडगुड आवाज आला. तो आवाज मी जन्मभर ऐकत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, हे परत जातंय ते पाणी कुठलं? तोंडापर्यंत आलेलं.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

 मी विटांच्या थप्पीवर बसले. दुसऱ्याच्या वाडग्यातला घास आम्ही खात नाही, दुसऱ्याच्या लोट्याला ओठ लावत नाही. आणि नळी? नळी उष्टी होते असं आमच्या सात पिढ्यांत कोणाच्या डोक्यात आलं नाही, कारण वाहतं पाणी उष्टं होत नाही असं आम्ही धरून चाललो. दिवसातून वीस वेळा, वीस तोंडं, एकच टोक. आणि उरलेलं परत पिंपात. ज्यांना ओढता येत नाही ती बालवर्गाची पोरं धडधाकट. आणि सगळ्यात आजारी कोण, तर एका दमात ओढणारी दोघं.

मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी नळीचं टोक हातात घेतलं.

"ती नळी मी बसवली," हे म्हणाले.

"मी बसवून घेतली."

"हे बघ." हे जवळ येऊन खाली बसले. "उद्या मी शाळेत जातो आणि नळी काढून टाकतो. फाटली म्हणून सांगतो. दुसरी काहीतरी सोय करू. तुझ्यावरचा आळ तसाही जाईल, घरच्या डब्यांनी फरक पडला नाही हे सगळ्यांनी बघितलंय. किल्ली परत मिळेल. कशाला आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा?"

खोटं बोलणार नाही, मला ते पटलं. तासभर पटलेलं राहिलं. पाइप उचलताना मी मनातल्या मनात स्वयंपाकघर झाडूनही काढलं. मग मुकादम पिंपापाशी आला, नळी ओढली, चूळ भरली आणि पुढच्या माणसाच्या हातात दिली. त्यानंही ओढली.

शाळेतली नळी जाईल. पण पोरं संध्याकाळी घरीच जाणार ना? घरोघरी पिंप, घरोघरी नळी. औषध घेतील, बरी होतील, आणि आपल्याच ओट्यावर पुन्हा तोंड लावतील. धाकटीसुद्धा.

"अहो," मी म्हणाले, "सांगावं लागेल."

ह्यांनी मान हलवली. "मला वाटलंच होतं," म्हणाले, "तू म्हणजे ना..." आणि पाना उचलला.

पाच दिवसांनी तपासण्यांचे कागद आले आणि पालकांना परत बोलावलं. या वेळी व्हरांडा पुरला नाही. नर्सबाईंनी वाचून दाखवलं. वरच्या वर्गांतल्या चाळीस पोरांच्या डब्या गेल्या होत्या, त्यांतल्या एकतीस जणांच्या पोटात जंतू सापडला. बालवर्गातल्या दहाही पोरांच्या पोटात नाही.

मोठ्या बाईंचा जीव भांड्यात पडला असावा, त्या भराभर बोलायला लागल्या. "बालवर्ग मावशींच्याच हातचं जेवतो, तेव्हा अन्नात दोष नाही हे उघड आहे. मावशी, झालं गेलं विसरा." त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. लाल दोऱ्याचा कापलेला तुकडा तिला तसाच होता.

मी किल्लीला हात लावला नाही. येताना पिशवीतून हातभर नवी नळी, धुतलेली, आणि दोन लवंगा आणल्या होत्या. व्हरांड्यातल्या पाण्याच्या बादलीत नळी सोडली, लवंगा तोंडात टाकून चावल्या आणि सगळ्यांसमोर नळी ओढली. पाणी आलं. टोक वर उचललं, पाणी परत बादलीत गेलं. मग मी शिंपिणीला म्हणाले, "ओढा."

"मी कशाला?"

"माझ्या पातेल्याचा वास घेतलात ना? एवढं करा."

ती उठली. नळी तोंडात धरली, ओढली, आणि तिचा चेहरा बदलला. तिनं माझ्याकडे बघितलं, नळीकडे बघितलं, मग व्हरांड्याच्या कडेला बसलेल्या लांब्याकडे बघितलं.

"लवंग," ती म्हणाली.

 मी सांगितलं, जेवढं मला कळलं होतं तेवढं सगळं. पहिला घोट कोणाचा असतो ते. पाणी मागे कुठे जातं ते. नर्सबाई उठून उभ्या राहिल्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "शंभर टक्के हेच असं मी म्हणणार नाही. पण हे असंच पसरतं, एवढं खरं."

"ही नळी शाळेत कोणी आणली?" मागून तोच आवाज.

"मी आणली," मी म्हणाले. "माझ्या हट्टानं. त्यावर मला पाटीही मिळाली. ती काढून टाका. आणि किल्ली द्यायची की नाही ते आता ठरवा."

 हे गर्दीत मागे उभे होते, ते पुढे येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. कोणीतरी म्हणालं, म्हणजे शेवटी हिच्यामुळेच झालं. दुसरा म्हणाला, नवी बाई बघा. मोठ्या बाईंचा हात पुन्हा किल्लीकडे सरकायला लागला.

शिंपिणीनं तो हात मधेच धरला. "थांबा," ती म्हणाली. "माझ्या घरी तीच नळी आहे. माझ्या सासऱ्यांनी आणलेली. तुमच्या घरी कोणी आणली? आणि तुमच्या?" ती एकेकाकडे वळून विचारत गेली.  "ही बाई गप्प बसली असती तर किल्ली घेऊन गेली असती, आणि आपली पोरं पुन्हा ओकली असती." तिनं किल्ली उचलून माझ्या तळहातावर ठेवली. तळहात बघून थबकली, फोडांच्या जागी सालं निघाली होती. मग गळ्यातल्या फितीचा तुकडा कापून किल्लीला बांधला. "तोंडाची फटकळ आहेस," मला म्हणाली, "पण आता तोंड उघडलंस ते बरं केलंस." पहिल्यांदाच मला तू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी शाळेच्या पिंपाला भोक पाडलं. अर्धं गाव बघायला जमलं होतं, जसं काही ऑपरेशनच चाललंय. म्हातारी माणसं म्हणत होती, गळणार. ह्यांनी गिरमिट लावलं, हळूहळू फिरवत नेलं, भुगा फुंकला, आतून बाहेरून रबरी चकत्या बसवल्या, तोटी आवळली. पिंप घासून, औषध टाकून, धुऊन काठोकाठ भरलं. एका म्हाताऱ्यानं तोटीखाली कोरडी वीट ठेवली आणि तिच्यासमोर उकिडवा बसून राहिला. दुपार झाली, पोरं सुटायची वेळ झाली, वीट कोरडी. म्हातारा उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "नळवाले, माझ्याकडे उद्या याल का?" पुढचा महिनाभर ह्यांना जेवायला फुरसत नव्हती.

मग औषधाचे चौदा दिवस. लांब्या आणि धाकटीला जखम भरायचं औषध आधीच सुरू झालं होतं, पण जंतूच्या गोळ्या सगळ्यांबरोबरच सुरू करायच्या असं ठरलं होतं. तीन तऱ्हेच्या गोळ्या, दिवसातून दोनदा, एकही चुकवायची नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, मधेच सोडलं तर जंतू शहाणा होतो, मग ऐकत नाही. एकतीस घरांवर सोडलं असतं तर झालंच असतं. मी म्हटलं, गोळ्या स्वयंपाकघरात राहतील. सकाळी शाळा भरायच्या आधी आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर, रांगेत यायचं, पेजेबरोबर माझ्यासमोर गिळायचं.

शिंपिणीनं उरलेल्या कापडांचं एक लांबलचक लटकणं शिवून आणलं. एकतीस खिसे, प्रत्येकावर त्या त्या पोराची खूण. कोणाला मासा, कोणाला चाक, कोणाला छत्री. लांब्याच्या खिशावर शिडी होती आणि धाकटीच्या खिशावर आगपेटीची काडी, धाकटीचं ते बोलणं शिंपिणीला माझ्याकडूनच कळलं होतं. आम्ही ते पाटीच्या खिळ्याला टांगलं. पाटीवर मी आता भाजी चिरते.

पोरांनी छळलं. तोंड कडू झालं, पोटं बिघडली, एकदोघं रडली. एकानं चार दिवस गोळ्या गालात धरून बाहेर तुळशीच्या कुंडीत थुंकल्या, जशा काही तिथे उगवणारच होत्या, त्या शिंपिणीनं शोधून काढल्या. त्यानंतर मी प्रत्येकाला 'आ' करायला लावायची, जीभ वर, जीभ खाली. उलथनं हातात असायचं. चौदाव्या दिवशी संध्याकाळी एकतीस खिसे रिकामे झाले, तेव्हा शिंपीण आणि मी चुलीपाशी बसून उगाचच हसत सुटलो.

दीड महिन्यानं पुन्हा डब्या गेल्या. अठ्ठावीस जण मोकळे. तिघांचा जंतू चिवट निघाला, आणि त्या तिघांत माझी धाकटी. मी ऐकलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली, कोणावर चिडायचं ते मात्र कळेना. धाकटीच म्हणाली, "आई, दुसऱ्या गोळ्या आहेत ना? मग?" पुन्हा चौदा दिवस. लांब्या बरा झाला होता, त्याला यायची गरज नव्हती, तरी तिच्यासोबत रांगेत उभा राहायचा. तीनजणांच्या रांगेत चौथा.

मग पुन्हा वाट बघणं, आणि एका दुपारी जेवणाच्या वेळेला नर्सबाई सायकल भिंतीला न टेकवता तशीच टाकून आत आल्या.

"तिघंही," त्या म्हणाल्या. धाप लागली होती. "तिघंही मोकळी."

मी वाढत होते. डाव हातात तसाच राहिला. मोठ्या बाई रडायला लागल्या, त्यांना रडायला फार लागत नाही. शिंपीण कुठून आली ठाऊक नाही, तिनं मला मागून घट्ट धरलं. मी म्हणाले, "सोड, डाळ सांडेल," आणि डाव पातेल्यात ठेवला.

त्या दिवशी पोरं जेवली. मी अकरा वर्षांत तशी जेवलेली बघितली नव्हती. लांब्यानं तीनदा भात घेतला. आवाज फक्त चमच्यांचा आणि तोटीखाली लोटे भरण्याचा. गवळी बादली घेऊन दारात आला.

"मावशी, आज काही?"

"आज नाही. उद्याही येऊ नका. गाईला सांगा, गवत खा."

पोरं उठली. मी पातेलं तिरकं केलं, उलथनं घेतलं आणि तळ खरवडायला बसले. भूक लागली होती, पहाटेपासून काही खाल्लं नव्हतं. तळाला मूठभर भात होता, थोडा करपलेला, मला आवडतो तसा. एवढ्यात धाकटी आली. ओठांना डाळ लागलेली.

"संपलं का?" तिनं विचारलं.

"का गं? दोनदा घेतलंस ना?"

"अजून भूक आहे."

मी तिला उलथनं दिलं. ती पातेल्यापाशी मांडी घालून बसली आणि माझं जेवण तिनं खरवडून खरवडून, एक शीत न ठेवता संपवलं. मी समोर बसून बघत होते. त्या दिवशी मी उपाशीच घरी गेले.